बत्तीस अंशांचा हौद

त्याला सगळे चटका म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. रागावली की बायकोसुद्धा चटकाच म्हणे. धंद्याने प्लंबर, अंगाने काटकुळा, डोक्याने तापट आणि गरम पाण्याच्या बाबतीत ठार वेडा. चाळीस वर्षांत त्याने ज्या ज्या घरात गिझर किंवा छपरावरचा सोलर बसवला, त्या त्या घरातला एक तरी माणूस पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून बोंबलत बाथरूमबाहेर पळालेला आहे. लोक तक्रार घेऊन आले की हा उलट त्यांनाच झापायचा. ज्या पाण्यातून हात झटकन मागे येत नाही ते पाणी गरम कसलं, असं त्याचं म्हणणं.

याचं मूळ लहानपणात. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. सकाळी एक मोठं पातेलं तापे, थोरल्यापासून आंघोळी सुरू होत, आणि याची पाळी येईपर्यंत पातेल्यात गरम पाण्याची नुसती आठवण उरलेली असे. बारा वर्षं हा पोरगा थंड पाण्याने कुडकुडत आणि भावंडांना शिव्या घालत मोठा झाला. पुढे नळकाम शिकला तेव्हा त्याने मनाशी खूणगाठ बांधली, की आपण जोडलेल्या नळातून कोमट पाणी म्हणून कधी येणार नाही. कोमट हा शब्दच त्याला शिवीसारखा लागे.

अशा माणसाला परत बोलावून पाणी कमी गरम करायला लावणारं गिऱ्हाईक आयुष्यात एकच भेटलं. एकतीस वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये त्याने केस धुण्याच्या बेसिनला गिझर जोडून दिला. तिथे काम करणाऱ्या मुलीने पाणी आधी आपल्या मनगटावर धरलं, नळ बंद केला आणि त्याला निरोप धाडला, की इथे माणसांची डोकी धुतात, बटाटे उकडत नाहीत. हा तणतणत आला. दोघांचं असं कडाक्याचं वाजलं की बेसिनमध्ये मान टाकून बसलेली बाई शेवटी म्हणाली, मला थंड पाणी चालेल, पण तुम्ही दोघं थांबा. त्याने पाणी कमी केलं. मग ते नीट झालंय की नाही हे बघायला तो त्या आठवड्यात चार वेळा गेला, आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

लग्नानंतर तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं पार्लर काढलं. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बेसिन. त्यामागे घर, घरामागे अंगण, आणि अंगणात तो हौद.

तो त्याला स्विमिंग पूल म्हणायचा. ती हौद म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, तिचंच बरोबर होतं. मुळात त्याला जमिनीत पाण्याची टाकी बांधायची होती. माती मऊ निघाली, हा खोदत सुटला, आणि तिसऱ्या दिवशी भानावर येऊन बघतो तर खड्डा टाकीच्या चौपट. बुजवावा म्हटलं तर निघालेली माती शेजाऱ्याने त्याच्या बागेत भरणीला नेलेली. तेव्हा चारचौघांत हसं होण्यापेक्षा त्याने जाहीर करून टाकलं, की आपल्या मनात पहिल्यापासून पोहण्याचा तलावच होता. सात पावलं लांब, चार पावलं रुंद, गळ्याइतका खोल. फरशा म्हणाल तर गावभरच्या बाथरूममध्ये उरलेल्या. एक ओळ गुलाबी, एक हिरवी, मध्येच तीन फरशांवर बदकं. पार्लरमधलं गिऱ्हाईक मागे डोकावलं की हमखास म्हणे, अगंबाई, ही तर आमची फरशी.

असा हा पूल बांधून नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत सगळ्यांनी मिळून त्यात अर्धा तास काढला असेल तर शपथ. पाणी बर्फासारखं. त्याच्या मेव्हण्याने एकदा मोठ्या ऐटीत उडी मारली आणि तो त्याच उडीत बाहेर आला, असं बघणारे सांगतात. स्वतः चटका घोट्यापर्यंत उतरला होता, तोही फोटोपुरता. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पाणी कोमट करा, मग उतरते. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

मग तिचा खांदा आखडला.

सुरुवात साधीच झाली. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं कापड खुंटीला अडकवताना उजवा हात वर जाईना. मग ड्रायर धरवेना. तीन महिन्यांत हात जेमतेम बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचू लागला, आणि त्याच्या वर न्यायला गेलं की अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण बाई खमकी. हात वर जात नाही ना, मग गिऱ्हाईक खाली आणू, असं म्हणून तिने मुलांसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल पुढे काढलं आणि येईल त्याला त्यावर बसवू लागली. शाळेची मुख्याध्यापिका चांगली सहा फूट उंच. ती त्या स्टुलावर गुडघे हनुवटीला टेकवून बसायची आणि वर आरशात बघून केस कसे झाले ते विचारायची. आरशात तिला फक्त छत दिसायचं.

पण हसण्यावारी किती दिवस नेणार? फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी हात धरला, फिरवला, किती अंशांत वर जातो ते मोजलं, आणि सांगितलं की ऊबदार पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून रोज अर्धा तास व्यायाम करा. तीन महिने. पाणी बत्तीस अंशांचं हवं. तसं जमलं नाही तर भूल देऊन हात जबरदस्तीने मोकळा करावा लागेल. आता असा ऊबदार तलाव सगळ्यात जवळचा म्हणजे तीन तासांवरच्या एका हॉटेलात. दुकान सांभाळून रोज सहा तासांचा प्रवास कोण करणार? आणि भूल म्हटलं की तिचे हातपाय गार पडत.

त्या संध्याकाळी दोघं पार्लरमधले आरसे पुसत होते. खालचा अर्धा ती डाव्या हाताने, वरचा अर्धा तो. पुसता पुसता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "खुर्च्या विकून टाकू. काम होत नाही, तर ठेवून काय करायच्या?"

ती ओरडली असती तर त्याला काहीच वाटलं नसतं. ओरडणं त्याच्या सवयीचं होतं. या आवाजाने मात्र त्याचं पुसणं थांबलं. एकतीस वर्षांत ही बाई कशापुढेही मान तुकवताना त्याने पाहिली नव्हती, आणि आज ती एका खांद्यापुढे तुकवत होती. त्या खुर्च्या म्हणजे तिचा जीव. त्या गेल्यावर ही बाई सकाळी उठून कुठे जाणार, याचा विचारसुद्धा त्याला करवेना. त्याने फडकं खाली ठेवलं आणि सांगितलं, की बत्तीस अंश म्हणजे काय, अगदीच किरकोळ. आपण गावाला साठ-साठ अंशांचं पाणी दिलंय.

दुसऱ्याच दिवशी त्याने हौदाला तीन जुने गिझर जोडले आणि तिन्ही एकदम चालू केले. फट्ट. अख्ख्या गल्लीची वीज गेली, पार्लरमधल्या ड्रायरसकट. वीजखात्याचा माणूस येऊन जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. चटक्याने ते सगळं मुकाट ऐकून घेतलं, कारण त्याची नजर तेव्हा छपरावर होती. स्वयंपाकघराचं बसकं छप्पर आणि त्याला लागून अवजारांच्या खोलीचं. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथे नुसतं ऊन. इतकी वर्षं लोकांच्या छपरांवर ऊन शोधत हिंडलो आणि आपलंच छप्पर रिकामं ठेवलं, या विचाराने त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग काय, गडी पेटला. दीड हजार फूट काळा पाइप त्याने त्या दोन्ही छपरांवर नागमोडी अंथरला. बेत सोपा होता. पंप हौदातलं पाणी वर ढकलणार, ते उन्हात तापलेल्या काळ्या पाइपांतून हिंडणार आणि दुसऱ्या टोकाने परत हौदात पडणार. तीन दिवस तो छपरावरच राहायला गेल्यासारखा होता. चहासुद्धा शिडीवरून वर जाई. काम करताना तो गाणी म्हणे, आणि गाण्याचं अंग त्याला बिलकुल नव्हतं. बायकोने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, की वरून काही पडलं तर तो पाना आहे आणि काही ओरडलं तर तो नवरा आहे.

चौथ्या दिवशी पंप सुरू झाला. छपरावरून परत येणारं पाणी हौदात धो धो पडू लागलं. त्याने धारेखाली हात धरला, आणि त्याचं तोंडच पडलं. पाणी कोमट. अगदी जेमतेम. पण चाळीस वर्षांचा अनुभव मग कधी कामाला येणार? भिंतीवर, आपल्या डोक्याच्याही वर, त्याने एक व्हॉल्व्ह बसवला होता. तो त्याने पिळून पिळून इतका आवळला की करंगळीएवढी धार राहिली. पाणी पाइपांत रेंगाळू लागलं, तापू लागलं, आणि अर्ध्या तासाने धारेखाली हात नेला तर तो झटकन मागे आला. चटक्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जो दिसेल त्याला तो अंगणात ओढून आणी आणि म्हणे, घाला हात. पोस्टमनने घातला, शेजाऱ्याने घातला, मुख्याध्यापिकेने ओल्या केसांनिशी येऊन घातला. सगळ्यांनी हात झटकले, बोटं फुंकली आणि वाहवा केली. हौदात हात कुणी घातलाच नाही.

हौद होता एकवीस अंशांवर. चार दिवसांनीही एकवीसच. आठवड्याने बावीस.

चटक्याने आधी उन्हाला नावं ठेवली. मग थर्मामीटरला. दुसरा थर्मामीटर आणला, तोही बावीस म्हणाला. तिसरा आणला, तो तेवीस म्हणाला, आणि तेव्हापासून तो त्या तिसऱ्यालाच मानू लागला. बायको रोज संध्याकाळी दुकान बंद करून हौदाशी येई, वाकून डावं मनगट पाण्यात धरी, आणि काही न बोलता आत जाई. ते न बोलणं त्याला फार लागायचं. तो व्हॉल्व्ह आणखी थोडा आवळायचा.

कोडं सोडवलं ते मांजरांनी. पार्लरच्या बाजूच्या खिडकीतून छप्पर दिसायचं, आणि केस कापता कापता तिची नजर तिकडे जायची. पहिल्या दिवशी पाइपांच्या कडेला एक पिवळं मांजर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी तीन झाली. नवव्या दिवशी तिने मोजली तर सात, त्यातली चार तर पलीकडच्या गल्लीतली, आणि सगळी पोटं वर करून अशी झोपलेली की जिवंत आहेत की नाहीत अशी शंका यावी. तिने नवऱ्याला खिडकीशी बोलावलं.

"अहो, हौद गार आणि छप्पर गरम," ती म्हणाली. "हा हीटर तुम्ही मांजरांसाठी बसवलाय."

मग तिने त्याला समजावून सांगितलं, आणि तेही ड्रायरच्या भाषेत. हाताखाली शिकणाऱ्या मुलींना ती वर्षानुवर्षं हेच शिकवत आली होती, की झोत मोठा ठेवा, आच कमी. जवळून कडक हवा मारली की केस जळतात आणि ओले ते ओलेच राहतात. पाण्याचंही तसंच असणार. धार बारीक केल्यामुळे पाइप उगाच तापताहेत, आणि ती ऊब वारा आणि मांजरं खाताहेत. पाणी जोरात जाऊ दिलं तर पाइप गार राहतील, आणि उन्हाची सगळी ऊब हौदात येईल.

चटक्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुठे ड्रायर, कुठे सोलर! केस कापणाऱ्यांनी आपल्याला पाणी शिकवू नये, असं काहीसं पुटपुटत त्याने पिशवी उचलली आणि दार आपटून तो कामावर गेला.

तो कोपऱ्यावर वळला न वळला तोच ती अंगणात आली. पण व्हॉल्व्ह तर तिच्या डोक्यावर हातभर. उजवा हात काही तिथवर जाणार नव्हता, आणि डाव्याने जोर लागेना. मग ती आत गेली. आत मुख्याध्यापिका अर्ध्या डोक्याला काळा रंग लावून बसली होती. तिला काय करायचं ते सांगितल्यावर ती एका क्षणात उठली, जणू कुणी हे विचारावं म्हणून इतकी वर्षं उंच होऊन बसली होती. अंगावरचं कापड फडफडवत ती अंगणात गेली, एकदा डोकं खाजवलं, आणि व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडून दिला. पाइपांतून पाणी घरघरत सुटलं. वर सातही मांजरांनी माना उचलल्या. तासाभरात पाइप थंडगार पडले, आणि मांजरं अपमान झाल्यासारखी एकेक करून शिडीवरून उतरून गेली.

संध्याकाळी चटका आला तो सवयीने धारेखाली हात घालायला. पाणी कोमट! पंप गेला की काय म्हणून त्याने वर पाहिलं, तर व्हॉल्व्ह सताड उघडा, आणि त्याच्यावर केसांच्या काळ्या रंगाची पाच बोटं उमटलेली. बोटांची उंची बघून गुन्हेगार कोण हे सांगायला पोलिसांची गरज नव्हती. त्याने शिडी ओढली आणि तो वर चढला. व्हॉल्व्हला हात लावणार तोच खालून बायकोचा आवाज आला, पुन्हा तसाच, साधा.

"चार दिवस त्याला हात लावू नका. चार दिवसांनी पाणी गारच असलं तर तो बंद करा, आणि मीही दुकान बंद करते."

त्याने हात मागे घेतला.

ते चार दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. येता-जाता हात त्या व्हॉल्व्हकडे वळायचा, म्हणून तो खिशात हात घालून हिंडू लागला. पोस्टमनने मोठ्या उत्साहाने पुन्हा धारेखाली हात घातला आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुरुस्ती चालू आहे, असं त्याने ठोकून दिलं. पहिल्या संध्याकाळी थर्मामीटर चोवीस म्हणाला. त्याने तो झटकून पाहिला. दुसरा आणला, चोवीस. लाडका तिसरा पंचवीस म्हणाला, तेव्हा त्याला पहिल्यांदाच तो खोटारडा वाटला. सकाळी पाहतो तर एक अंश उतरलेला. रात्रभर उघड्या पाण्यावरून ऊब उडून जाते हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला एकदम हुरूप आला, कारण ही चूक शोधणारा तो स्वतः होता. गिझरच्या खोक्यांतून निघालेलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक त्याच्याकडे ढिगाने होतं. ते चिकटवून चिकटवून त्याने हौदाएवढं पांघरूण केलं. सूर्य कलला की पंप बंद, हौदावर पांघरूण. बायकोला त्याने हे असं सांगितलं की जणू मुख्य शोध हाच आणि व्हॉल्व्ह वगैरे किरकोळ. तिने त्याला तसं सांगू दिलं.

चौथ्या संध्याकाळी पाणी अठ्ठावीस अंश होतं. चटका पँट वर दुमडून काठावर बसला आणि पाय आत सोडले. पाय मागे आले नाहीत. ना गारठ्याने, ना चटक्याने. पाणी नुसतं होतं, पायांभोवती, चोहोबाजूंनी, हवं तेवढं, आणि ते संपणार नव्हतं. चाळीस वर्षं आपण लोकांना भाजत होतो, हे कळून त्याला रडू यायला हवं होतं, आलं हसू. आधी खुदखुद, मग पोट धरून. बायको धावत बाहेर आली, काय झालं विचारू लागली. हसू आवरून त्याने जन्मात पहिल्यांदा तो शब्द कौतुकाने उच्चारला.

"कोमट," तो म्हणाला.

नवव्या दिवशी बत्तीस अंश भरले. ती जुना झगा घालून आली, पायऱ्या उतरली, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने डोळे मिटले. चटका काठावरून काठाकडे पळत होता. बरं वाटतंय का, अर्धा अंश वाढवू का, टॉवेल आणू का, खुर्ची आणू का. तिने त्याला गप्प बसायला सांगितलं. बराच वेळ ती तशीच उभी होती, आणि तिने काही न करता तिचा उजवा हात आपसूक तरंगत खांद्याच्या उंचीला आला. पाण्याने तो उचलून धरला होता. कळ आली नाही. तिने डोळे उघडून हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

पण पाण्यातला हात वेगळा आणि बाहेरचा वेगळा. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. पाण्यात हात छान हिंडायचा. बाहेर आलं की पुन्हा गिऱ्हाइकाच्या कानाच्या उंचीलाच अडायचा. डॉक्टरीणबाई दर सोमवारी मोजत, आणि आकडा तोच. त्यांचं म्हणणं, सांधा सुटलाय, बाईच घाबरतात. हात वर करा म्हटलं की कळ येणार या धास्तीने त्यांचा खांदा कुलूप लावल्यासारखा बंद होतो. कधी उघडेल ते सांगता येत नाही. ती रोज अर्धा तास नेमाने हौदात उभी राहायची. चटका रोज पांघरूण काढायचा, घालायचा, थर्मामीटर बघायचा. सातवा आठवडा लागला तेव्हा दोघंही त्या विषयावर बोलायचे थांबले होते.

त्या दुपारी तिचा व्यायाम आटपला होता. ती पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून केसांचं पाणी पिळत होती, डाव्या हाताने. चटका छपरावर सुटलेला एक पाइप आवळत होता आणि नेहमीप्रमाणे अगदी कडेला येऊन ओणवा झाला होता. तिने वर पाहिलं आणि तिचा पारा चढला. मागे व्हा, पडाल, शिडीही नीट लावलेली नाही, ती बघा कशी तिरकी आहे, असा तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शिडी कुठे तिरकी आहे ते दाखवायला तिने हात उचलला.

उजवा हात.

तो तिच्या कानावरून वर गेला. चटक्याने पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. तिला पत्ताच नव्हता. ती बोलत होती आणि हात शिडीच्या टोकाकडे रोखलेला. आता आपण ब्र जरी काढला तर हे कुलूप पुन्हा लागणार, हे त्याला लख्ख कळलं. त्याने चेहरा शक्य तेवढा मख्ख ठेवला.

"आणखी काय चुकलं माझं?" त्याने विचारलं.

हे विचारायचा अवकाश. त्या कौलाखाली पक्कड विसरलात, ती छपराची पन्हळ गेल्या वर्षापासून लोंबतेय. हात पन्हळीकडे गेला, कपाळाच्या वर. तिच्याकडचे मुद्दे संपत आलेत असं वाटताच त्याने स्वतःहून भर घालायला सुरुवात केली. तिच्या आईचा काचेचा वाडगा वाऱ्याने पडला नव्हता, तो आपण फोडला होता. हात डोक्याच्या वर. रविवारी दुपारी तातडीचं काम आलं म्हणून आपण जातो, ते कामबीम काही नसतं, गाडीत झोपलेलो असतो. हात आणखी वर, मूठ वळलेली. आता काय सांगावं? त्याने जीव मुठीत धरून शेवटचं बाहेर काढलं.

"तू खुर्च्या विकायला त्या जुन्या सामानवाल्याला फोन केला होतास ना, आणि तो आलाच नाही? तो आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला. सांगितलं, खुर्च्यांत ढेकूण आहेत."

"माझ्या खुर्च्यांत ढेकूण?"

ती जवळजवळ किंचाळली, आणि तिचा हात सरळ आभाळाकडे गेला, दंड कानाला चिकटला, पाचही बोटं ताणलेली. बोटांवरून पाणी निथळून टपटप तिच्या डोळ्यांत पडलं. हे पाणी कुठून आलं म्हणून तिने वर पाहिलं.

तिला तिचा हात दिसला. किती तरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने छपराकडे पाहिलं. तिथे चटका ओठ घट्ट दाबून बसला होता आणि त्याच्या गालांवरून आसवं घळाघळा वाहत होती. तिला सगळं कळलं. तिचाही चेहरा वेडावाकडा झाला, हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना. हात मात्र तिने खाली घेतला नाही.

"मी ऐकतेय," ती म्हणाली. "आणखी काय काय केलंत ते सांगा."

तीस वर्षांचा संसार, सांगायला काय कमी होतं? चटक्याने पाना बाजूला ठेवला, बाहीने नाक पुसलं, छपरावर नीट मांडी घातली आणि अगदी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली.